अवजारांचा तक्ता

४ जानेवारी

धाकटे,

हे कामाचं पत्र आहे. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण दुसऱ्या वाक्यापर्यंत तू येशील याची खात्री नाही. फोन तू उचलत नाहीस, मेल उघडत नाहीस, म्हणून कागद घेतला. पाकिटावरचा पत्ता आईकडून लिहून घेतला आहे. तिचं अक्षर बघून तरी तू पाकीट फोडशील, असा माझा अंदाज. हा लबाडपणा आहे. कबूल.

काम असं. रक्तपेढीचं सगळं सॉफ्टवेअर जुन्या भाषेतून काढून नव्या भाषेत लिहायचं ठरलं, तेव्हा अवजारं निवडायला तू एक तक्ता केला होतास. कोड लिहायचा एडिटर कोणता, चुका शोधायचा डीबगर कोणता, इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या लायब्रऱ्या कुठून आणायच्या. डावीकडे अवजारांची नावं आणि वर अकरा प्रश्न. तो मला हवा आहे. माझी प्रत गेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एका भाषणाची टिपणं काढली होती आणि ती त्या सभागृहातच राहिली. तुझ्याकडे असेल. तू काही फेकत नाहीस.

इथलं ठीक चाललंय. खालच्या टायरवाल्याचा हातोडा नऊच्या ठोक्याला सुरू होतो आणि आपल्या ऑफिसच्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्या थरथरतात, ते तसंच आहे. तुझ्या खुर्चीवर प्रिंटर आहे. मी ठेवला नाही. कासवरावांनी ठेवला. मी उचलला नाही, एवढंच.

कासवराव साठीला आले, पण नव्या भाषेला माझ्याआधी सरावले. अजून दोनच बोटांनी टाइप करतात. परवा म्हणाले, "साहेब, जुन्या भाषेत काही अडलं की विचारायला अख्खं गाव होतं. इथे अडलं की आपण आणि समोरची भिंत." मी म्हटलं, भिंतीवर डोकं आपटून ज्यांनी वाट काढली त्यांच्यामुळेच जग पुढे गेलं. ते म्हणाले, "हो, पण डोकं कुणाचं होतं ते बघा."

डीबगर जरा अडखळतोय. विशेष काही नाही. म्हणूनच म्हटलं, तक्ता एकदा डोळ्यांखालून घालावा.

आई बरी आहे. मी लिहायला बसलो तेव्हा दारातून म्हणाली, "धाकटीला लिहितोयस ना? मग भाषण लिहू नकोस."

दादा


२३ जानेवारी

धाकटे,

तक्ता मिळाला. पाकिटात दुसरं काही नव्हतं. मी ते उलटं करून झटकून पाहिलं. आई बघत होती. म्हणाली, "काही पडायचं असतं तर पडलं असतं."

पहिल्यांदाच नीट वाचला. दीड वर्षापूर्वी वाचला होता असं मी सगळ्यांना सांगत आलो, तुलासुद्धा. वाचला नव्हता. वरच्या ओळीतले प्रश्न पाहिले आणि मला एवढंच दिसलं की हिला उशीर करायचाय.

तेव्हाचं माझं डोकं तुला आठवत असेल. ज्या रक्ताच्या पिशवीवरून हे सगळं सुरू झालं तीही आठवत असेल. जुन्या भाषेतल्या आपल्या कोडमध्ये मुदतीची तारीख कोरी राहिली तरी तो निमूट पुढे जायचा, आणि कोरी म्हणजे मुदत संपलेली नाही असं धरायचा. त्या दिवशी पिशवी वॉर्डात पोचली होती. परिचारिकेने लेबल हाताने उलटून पाहिलं म्हणून पिशवी तिथेच थांबली. ती तिची दक्षता होती, आपली नव्हे. त्या आठवड्यात मी ठरवलं की ज्या भाषेत असं घडूच शकत नाही, जिथे माहिती नसेल तर काय करायचं हे लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम तयारच होत नाही, त्या भाषेत जायचं. ती कुणाला माहीत नसली तरी जायचं, जगात ती लिहिणारे मूठभर असले तरी जायचं. तूही हो म्हणालीस. भाषेबद्दल आपलं भांडण कधीच नव्हतं, हे मी लोकांना सांगताना गाळतो. तू म्हणालीस, "भाषा तू निवडलीस दादा, आता अवजारं मला निवडू दे. भाषा चांगली असून भागत नाही, तिच्यात रोज आठ तास बसायचंय." मी हो म्हटलं. आणि मग तुझ्या आधी मीच निवडली.

मला तो डीबगर हवा होता. आईला मी तो काय असतो ते सांगितलं होतं: चूक शोधायचं यंत्र, प्रोग्रॅम एकेक पाऊल थांबवत चालवून दाखवतं. आणि हा तर मागेसुद्धा चालवायचा. चूक दिसली की एक पाऊल मागे, अजून एक मागे, जिथे पाय घसरला तिथपर्यंत. असं अवजार मोठ्या, लोकप्रिय भाषांतही मी हाताळलं नव्हतं. आणि इथे, या आडबाजूच्या भाषेत, कुणीतरी एकट्याने ते करून ठेवलं होतं. मी भाळलो. आता या वयात भाळायला दुसरं राहिलंय काय.

मग ती बैठक. पेढीच्या प्रमुख बाई, त्यांचे दोन तंत्रज्ञ, कासवराव, तू, मी. तू तक्ता वाटलास. मी माझी प्रत हातात धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "ही अवजारांची यादी नाही. ही भीतीची यादी आहे." सगळे हसले. बाईसुद्धा हसल्या. तू टाचणी काढून कागद सरळ करत होतीस.

वाक्य चांगलं होतं. अजूनही चांगलंच आहे. नेमकी तीच अडचण आहे.

असो. डीबगर अडखळतोय असं मागे लिहिलं, ते पुरतं खरं नाही. पेढीने डिसेंबरात नवीन संगणक घेतले, त्यांच्यावर भाषेची नवी आवृत्ती लागते, आणि नव्या आवृत्तीवर डीबगर उघडतच नाही. नवा करून देणारं कुणी नाही, कारण तो एकट्याने सांभाळणाऱ्या त्याच्या राखणदाराने दुकान बंद केलंय. का, ते काही कळलं नाही. आम्ही गेलं वर्षभर जुनी प्रतच पुरवून वापरत होतो.

तक्त्यातलं चौथ्या प्रश्नाखालचं तुझं अक्षर फार बारीक आहे. चष्म्याचा नंबर बदलायचाय. नंतर वाचतो.

दादा


११ फेब्रुवारी

धाकटे,

बाई आल्या होत्या. खालून हातोडा चालू होता, तशाच उभ्या उभ्या बोलल्या.

"दोन वर्षं झाली. नवीन प्रणाली कुठे आहे?"

मी म्हटलं, "पाऊण भाग तयार आहे."

"पाऊण म्हणजे किती पिशव्या?"

"बाई, ते पिशव्यांत नाही मोजता येत."

"मला येतं. मी दिवसभर तेच करते."

अठ्ठावीस मार्च. त्या दिवशी एकतर त्यांना पिशवी आल्यापासून जाईपर्यंतचा सगळा प्रवास नव्या प्रणालीत चालताना दिसायला हवा, नाहीतर सगळं गुंडाळायचं. जुनं चालू आहेच, तेच चालू राहील. जुनं म्हणजे तेच, कोऱ्या तारखेला निमूट पुढे जाणारं. त्यावर आपण ठिगळ लावलंय, पण ठिगळ ते ठिगळ. आपली सोळा वर्षं त्या पेढीत गेली आहेत, धाकटे. अजून एखादी पिशवी वॉर्डात पोचेल आणि कुणी लेबल उलटणार नाही, हे माझ्या मनातून जात नाही. मला झोप लागते, पण ते जात नाही.

डीबगर नसताना आम्ही काय करतो ते सांगतो, तू हसशील. कासवराव कोडमध्ये जागोजाग "इथे आलो" असं छापायला सांगतात. मग प्रोग्रॅम चालवतात आणि छापलेला कागद बोट फिरवत वाचतात. "इथे आलो. इथे आलो. इथे आलो. आणि इथे नाही आलो बघा, साहेब." आदिमानवाची पद्धत. काल त्याच पद्धतीने त्यांनी एक चूक शोधली, जी मी नऊ दिवस शोधत होतो.

मला त्या राखणदाराचा राग येतो. खरंच येतो. माणसं एखादी गोष्ट जगासमोर मांडतात, शेकडो लोक तिच्यावर भरवसा ठेवतात, आणि एक दिवस हे पाठ फिरवून निघून जातात. कुणाला उत्तर नाही, कुणाची फिकीर नाही. ज्याने पूल बांधला त्याने लोक मधोमध असताना तो उचलून न्यायचा? ही कुठली रीत? ज्याला जबाबदारी झेपत नाही त्याने

इथे आई चहा घेऊन आली आणि हे पान वाचून गेली. कप नेमका त्या अर्ध्या वाक्यावर ठेवला. तिची ती रीत तुला माहीत आहे. पुढे लिहिवत नाही.

दादा


२ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "दादा, त्याने का बंद केलं ते तुला माहीत आहे."

हो.

चौदा महिन्यांनी तू मला दादा म्हणालीस आणि त्याच ओळीत पकडलंस. चार दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात घेऊन फिरतोय. आता लिहितो. जसं झालं तसं लिहितो, आणि मध्ये भाषण आलं तर खोडतो. खोडलेलं दिसेल.

त्या नोव्हेंबरात डीबगर महिनाअखेरच्या तारखांवर अडकत होता. एकतीस तारखेवरून एक पाऊल मागे गेलं की तो बंद पडायचा, आणि आपलं अख्खं काम तारखांचं. मी त्याच्या तक्रारींच्या पानावर लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. तू म्हणालीस, "मी बोलतेय त्याच्याशी, दोन आठवडे थांब." मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणणं सोपं गेलं असतं, पण मी ऐकलं होतं.

मग मी नेटवर त्याच्या नावाने ते जाहीर पत्र लिहिलं. तीन पानं. एका बैठकीत लिहिलं, शब्द असे समोरून चालत येत होते. "ज्याच्या कामावर लोकांचे जीव अवलंबून आहेत, त्याने वेळ नाही असं म्हणण्याचा हक्क गमावलेला असतो." "फुकट दिलं म्हणून निष्काळजीपणाला माफी नसते." जगभरातल्या ज्या मूठभर लोकांना ही भाषा येते त्यांनी ते वाचलं आणि ज्यांना येत नाही त्यांनीही वाचलं. नऊशेच्या वर लोकांनी शाबासकी दिली. मी दिवसभर ते आकडे वाढताना बघत बसलो. आपल्या पेढीतल्या कुठल्याही कामाला एवढी शाबासकी कधी मिळाली नव्हती.

पत्राखाली मी माझं नाव घातलं आणि तुझं घातलं. तुला विचारलं नाही. दोन नावं असली की वजन येतं, असं मला वाटलं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी चौदा महिने शोधतोय, सापडत नाही.

आठ दिवसांनी तू त्याचं उत्तर छापून माझ्या टेबलावर ठेवलंस. ते त्याने मला लिहिलं नव्हतं, तुला लिहिलं होतं. मी पहिली ओळ वाचली आणि म्हणालो, "असल्या हळव्या माणसांनी सॉफ्टवेअर लिहूच नये." तू तुझी बॅग घेतलीस. कासवराव म्हणाले, "ताई, बाहेर अवकाळी पाऊस आहे." तू म्हणालीस, "असू दे." दार हळूच लावलंस. आपटलं असतंस तर मी आतापर्यंत त्यावर दहा वेळा बोललो असतो.

तो कागद माझ्याकडे आहे. खणात होता. पहिल्या ओळीच्या पुढे कधी गेलो नाही. काल वाचला. तुला तो पाठ असेल, तरी लिहितो, म्हणजे मी वाचला हे तुला कळेल.

"पत्राखाली तुमचं नाव पाहिलं. गेले पाच महिने ज्या मला दुरुस्त्या पाठवतात आणि शेवटी 'घाई नाही' असं लिहितात, त्या तुम्हीच का, हे मी दोनदा तपासलं. महिनाअखेरची दुरुस्ती तुमचीच होती. ती या शनिवारी सगळ्यांना देणार होतो. आता देत नाही. माझा तुमच्यावर राग नाही. मी शाळेत मातीकाम शिकवतो, शनिवारी सकाळचे दोन तास या कामाला द्यायचो. ते यापुढे घरी देईन."

मग मी चष्मा पुसून तक्त्यातला तुझा चौथा प्रश्न वाचला. "राखणदार किती?" आणि माझ्या त्या लाडक्या डीबगरसमोर तुझ्या बारीक अक्षरात: "एक. शनिवारी सकाळी दोन तास. मदत लागेल. मी करेन."

तू त्याला नाही म्हटलंच नव्हतंस. मला हवं होतं तेच तू घ्यायचं म्हणत होतीस, फक्त ते टिकावं म्हणून स्वतःचे हात त्यात धरून ठेवले होतेस. आणि मी तो कागद सगळ्यांसमोर हवेत नाचवून त्याला भीतीची यादी म्हणालो.

खोडण्यासारखं काही आलं नाही. थकलो असेन.

दादा


३० मार्च

धाकटे,

परवा बैठक झाली. तीच माणसं, तुझी खुर्ची सोडून. प्रिंटर मी सकाळी जमिनीवर ठेवला होता. खुर्ची रिकामी ठेवायची म्हणून नव्हे. बाईंना बसायला एक कमी पडत होती.

मी सांगितलं. प्रणाली पूर्ण नाही. का नाही, तर अवजार बंद पडलं. का बंद पडलं, तर माझ्या पत्रामुळे. त्या पत्राखाली बहिणीचं नाव मी तिला न विचारता घातलं होतं. ती गेली ती त्यामुळे. चांगली नोकरी मिळाली म्हणून नव्हे, जसं मी तुम्हाला सांगितलं होतं.

मला वाटलं होतं, कबुली दिली की काहीतरी होईल. खोलीत शांतता पसरेल वगैरे. बाईंनी पेन बंद केलं.

"तुमचं घरचं झालं सांगून? आता पिशवीचं सांगा."

मग कासवरावांनी पिशवीचं सांगितलं. सगळा प्रवास होत नाही, पण मुदतीची तपासणी होते: पिशवी फ्रीजमधून काढताना तारीख कोरी असेल तर नवी प्रणाली तिला हलू देत नाही. तेवढा तुकडा जुन्या प्रणालीच्या दारात बसवता येईल. त्याला मागे चालणारं काही लागत नाही. साधा एडिटर, जो नेट नसतानाही चालतो, कारण पेढीच्या आतल्या खोलीत नेट नाही (तुझा सातवा प्रश्न). भाषेबरोबर येणारं तपासणीचं साधन, जे दिसायला बेंगरूळ आहे पण अकरा लोक सांभाळतात. लायब्रऱ्या फक्त दोन, आणि दोन्हींच्या प्रती आपल्याकडे उतरवून ठेवलेल्या. चूक शोधायला "इथे आलो". कासवराव तुझा तक्ता पुढे ठेवून एकेक ओळ वाचत गेले आणि बाई मान डोलावत गेल्या. त्यांच्या त्या संथ आवाजात, धाकटे, ते सगळं इतकं साधं वाटलं की दोन वर्षं आपण काय करत होतो असा प्रश्न पडावा. मी काय करत होतो, असं म्हणायचंय.

बाईंनी विचारलं, "हा तक्ता कुणी केला?"

"बहिणीने."

"हाच ना तो, ज्याच्यावर आपण सगळे हसलो होतो?" त्यांनी तो आपल्याकडे ओढला. "मीही हसले होते. तुम्ही बोलता फार छान हो. माणूस हसून मोकळा होतो आणि घरी गेल्यावर कळतं, काही पटलंच नव्हतं."

मग त्यांनी अट घातली. तेवढ्या तुकड्याला सहा महिने देतात. पण अवजारांच्या यादीवर माझी सही चालणार नाही. ती यादी जिने विचार करून केली तिची सही हवी. "त्यांना नोकरीवर या म्हणत नाही. त्यांनी यादी बघून बरोबर आहे म्हणावं, एवढंच. सही आली की सुरू. नाही आली तर जुनंच राहू दे, निदान त्याची खोड आम्हाला माहीत आहे."

त्या गेल्यावर कासवराव म्हणाले, "साहेब, ताईंची सही म्हणजे एक रेघ आणि दोन टिंबं. मीसुद्धा करेन."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"गंमत केली," ते म्हणाले. मग प्रिंटर उचलून खिडकीत नेऊन ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ त्याची वायर गुंडाळत बसले.

यादी सोबत जोडली आहे. खाली जागा सोडली आहे. तू सही कर असं मी सांगत नाही. कर किंवा करू नकोस, दोन्हींची कारणं तुझ्याकडे आहेत, आणि ती मला सांगायचं तुला काहीच कारण नाही. त्या परिचारिकेबद्दल, त्या पिशवीबद्दल मी इथे पानभर लिहिलं होतं. ते फाडलं. ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे, आणि ते लिहून मी तुझा हात धरत होतो.

आणखी एक. जिथे ते जाहीर पत्र आहे तिथे मी काल चार ओळी घातल्या. हे पत्र मी एकट्याने लिहिलं, दुसरं नाव त्या व्यक्तीला न विचारता घातलं होतं, ते काढलं आहे, आणि राखणदाराची माफी मागतो. तोंडातून आणखी बरंच यायला निघालं होतं. चार ओळींवर थांबलो. त्या पत्राला नऊशे जणांनी शाबासकी दिली होती. या चार ओळींना दोघांनी. त्यातले एक कासवराव.

राखणदाराचं उत्तर नाही. यायला हवं असं मलाही वाटत नाही.

दादा


१९ एप्रिल

धाकटे,

यादी परत आली. खालची जागा तशीच. वर पेन्सिलीने तुझी ओळ: "वाचली. यादी ठीक आहे. सही करणार नाही."

आईने विचारलं, "काय म्हणते?" मी कागद तिच्यासमोर धरला. तिने तो लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. "बरोबर आहे तिचं," एवढं म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. कुठलं बरोबर आहे, ठीक आहे ते की सही करणार नाही ते, हे मी विचारलं नाही.

आज सकाळी कागद घेऊन पेढीत गेलो. कासवराव यायला निघाले होते, त्यांना म्हटलं राहू द्या. बाई आतल्या थंड खोलीत पिशव्या मोजत होत्या. मी दाराशी उभा राहिलो. मोजून झाल्यावर बाहेर आल्या, हात पुसले, कागद घेतला.

"ठीक आहे म्हणतात आणि सही नाही?"

"नाही."

"का?"

इथे मी थांबलो, धाकटे. माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. एक असं की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. एक असं की कागद तिथेच मंजूर झाला असता: ठीक आहे असं लिहिलंय ना, ते तिचंच अक्षर, तीच सही समजा. आणि एक अगदी खरं, तुझ्या बाजूचं, तू बोलली असतीस त्याहून नेटकं. तिन्ही जिभेवर होती.

मी म्हटलं, "ते तिला माहीत. मी तिच्या वतीने बोलत नाही."

"हं," बाई म्हणाल्या. वाट बघत राहिल्या, की पुढे काही येईल. "सोळा वर्षांत तुम्हाला दोन वाक्यांवर थांबलेलं पहिल्यांदा पाहते. बरं नाही का?"

"दमलोय थोडा."

त्यांनी कागद परत दिला नाही. घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवला. म्हणाल्या, "मग मीच विचारते त्यांना. सही नको असेल तर नको, पण ठीक आहे म्हणजे किती ठीक, हे माझ्या तोंडाने विचारते आणि त्यांच्या तोंडून ऐकते. त्यावर ठरवते काय ते. नंबर द्या."

फोन माझ्या हातातच होता. तुझं नाव उघडायला दोन बोटं हलवायची होती. मी म्हटलं, "तिला विचारून सांगतो."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की या माणसाचं काय करावं. मग म्हणाल्या, "विचारा. शुक्रवारपर्यंत थांबते," आणि आत गेल्या.

बाहेर आलो आणि पेढीच्या पायरीवर बसूनच हे लिहितोय. मांडीवर कागद आहे, अक्षर वाकडं येतंय. आत्ताच टपालात टाकलं तर परवा तुला मिळेल.

नाही म्हणालीस तर मी बाईंना नाही एवढंच सांगेन.

बाईंना तुझा नंबर देऊ का?

दादा